बाटलीचा गुण

औषधावर श्रद्धा ठेवणाऱ्या माणसांचे आमच्या समाजात अनेक पोटभेद आहेत. स्वतःसाठी काढे उकळणारे आणि शेजाऱ्यासाठी उकळणारे हे त्यांतले दोन प्रमुख वर्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत; परंतु स्वतःचे डोके दुखू लागले असता गोळी घ्यावी की न घ्यावी याचा दोन दिवस खल करणारा, आणि आपल्या दाराशी उभ्या असलेल्या पस्तिशी उलटलेल्या मोटारीला मात्र महिन्या-दोन महिन्यांनी नियमाने रेचक पाजणारा जो एक गृहस्थ पुण्याच्या प्रत्येक सोसायटीत एक याप्रमाणे आढळतो, त्याची दखल अद्याप कोणी घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हा गृहस्थ बहुधा सेवानिवृत्त असतो, त्याची मुले परगावी किंवा परदेशी असतात, आणि पेट्रोलात ओतावयाच्या रसायनांच्या बाटल्यांवर जे बारीक अक्षर छापलेले असते, ते भिंग लावून वाचणारा पृथ्वीच्या पाठीवरचा तो एकमेव वाचक असतो. सोयीसाठी आपण त्याला अप्पासाहेब म्हणू.

अप्पासाहेबांचे सारे आयुष्य कोषागारात गेले. दुसऱ्याच्या जमाखर्चातील आठ आण्यांची तफावत हुडकून काढण्यासाठी तीन दिवस दफ्तरे उपसणे, तसलमातींचा हिशेब वेळेवर न देणाऱ्या अधिकाऱ्यांकडून कैफियत मागविणे, आणि रुजुवात झाल्याखेरीज कोणत्याही कागदावर सही न करणे, या तीन गुणांवर त्यांनी बढत्या मिळविल्या आणि तेवढ्याच गुणांमुळे कित्येक स्नेही गमावले. त्यांची मोटार म्हणजे 1988 सालची प्रीमियर पद्मिनी: कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, मुळात इटलीच्या फियाट 1100 ची वंशज, 1089 घन सेंटिमीटरच्या इंजिनाची, आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअरची मूठ असलेली. मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, त्या दिवशी अप्पासाहेबांनी गाडीला हार घातला. तो शोकाचा होता की शेवटची उरल्याच्या अभिमानाचा, हे मला विचारवले नाही.

बाटली ओतण्याचा विधी रविवारी सकाळी असतो. बाटली आदल्या रात्रीच कपाटातून काढून देवघराशेजारच्या फळीवर ठेवलेली असते. तिच्यासाठी एक स्वतंत्र नरसाळे आहे. ते स्वतंत्र का आहे, हा प्रश्न अप्पासाहेबांच्या पत्नी काकूंसमोर काढू नये, कारण पहिल्या बाटलीच्या वेळी स्वयंपाकघरातले नरसाळे वापरले गेले होते आणि त्यानंतर आठ दिवस त्या घरातील गोडेतेलाला जो वास येत होता, त्याची आठवण अजून ताजी आहे. टाकीत पेट्रोल अगदी तळाशी असताना प्रथम रसायन ओतावयाचे, आणि मग वरून पेट्रोल भरावयाचे, म्हणजे ते नीट मिसळते, असा बाटलीवरील हुकूम असल्यामुळे अप्पासाहेब शनिवारी संध्याकाळी टाकी रिकामी करण्यासाठी विनाकारण औंधपर्यंत जाऊन येतात. रविवारी विधी आटोपला की गाडी पंपावर नेली जाते. तिथला मुलगा सवयीने ‘साहेब, झिरो बघा’ म्हणतो, आणि अप्पासाहेब, कोषागाराची तिजोरी उघडताना बघत असतील तशा नजरेने, तो शून्याचा आकडा बघतात.

त्यानंतरचा भाग श्रवणाचा. गाडी आवारात उभी करून ते इंजिन बंद करीत नाहीत. बॉनेट उघडून, जिन्यावरून उतरणाऱ्या कोणालाही हाक मारून ‘ऐका’ म्हणतात. दूधवाला ऐकतो. नातवाला घेऊन निघालेले कुलकर्णी ऐकतात. मीही ऐकले आहे. त्या इंजिनाचा आवाज पूर्वी लोखंडी डब्यात सुपाऱ्या हलवल्यासारखा येत असे, आणि बाटलीनंतरही तो सुपाऱ्यांचाच येतो. परंतु वाकून उभ्या असलेल्या, कानामागे हात धरलेल्या आणि डोळ्यांत परीक्षेच्या निकालाची आतुरता साठवलेल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसासमोर ‘फरक नाही’ असे सांगावयाला जी छाती लागते, ती परमेश्वराने पुण्यात सुद्धा फार थोड्यांना दिली आहे. ‘बराच मऊ झालाय’ असे मी म्हणालो. आश्चर्य असे की, म्हटल्यानंतर मला स्वतःलाही तो किंचित मऊ भासू लागला.

काकू गॅलरीतून हे सर्व पाहत असतात. एकदा त्या सहज बोलून गेल्या, ‘‘मुलं लहान होती तेव्हा ह्यांनी दर रविवारी त्यांना एरंडेल पाजलं. आता मुलं घरात नाहीत, आणि रविवार तर येतोच.’’

या रसायनात तथ्य काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि ज्यांना अप्पासाहेबांची केवळ टिंगल करावयाची आहे त्यांनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल. पेट्रोल जळते तेव्हा, आणि जळण्यापूर्वी तापते तेव्हाही, त्यातून डिंकासारखा चिकट थर निर्माण होऊन तो वाटेतल्या नाजूक जागी बसत जातो. अमेरिकेत 1950 च्या दशकात पेट्रोलमध्ये प्रक्षालक मिसळण्यास आरंभ झाला तो कार्बोरेटरातील असल्याच घाणीसाठी, आणि पुढे 1995 पासून तर त्या देशात प्रत्येक पेट्रोलात ठरावीक किमान प्रक्षालक असलेच पाहिजे असा कायदाच झाला. आजच्या चांगल्या बाटलीत पॉलिइथर अमाइन नावाचे द्रव्य असते. त्याच्या रेणूचे नत्रयुक्त टोक त्या थराला चिकटते, बाकीची शेपटी पेट्रोलात विरघळलेली राहते, आणि अशा रीतीने घाण ओढून नेली जाऊन शेवटी इंजिनातच जळून जाते. ज्या गाडीचे इंजेक्टर खरोखरच अर्धवट बुजले आहेत, आणि जिच्यात पेट्रोलचा फवारा झडपेच्या पाठीवर पडतो, अशा गाडीला याचा उपयोग होतो. आमच्या शेजारच्या इमारतीतील एका बाईंची 2003 सालची मारुती 800, दोन वर्षे झाकून ठेवल्यानंतर, सिग्नलला थरथरत असे. एका बाटलीनंतर तिची थरथर पुष्कळ कमी झाली, हे मी स्वतः पाहिले आहे. ज्या नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते, त्यांच्या झडपांना मात्र या स्नानाचा स्पर्शच होत नाही. आणि जिथे घाणच नाही, तिथे जाणवण्यासारखा फरक कोठून येणार? स्वच्छ ताट दुसऱ्यांदा घासले म्हणून त्यातले अन्न अधिक रुचकर लागत नाही.

अप्पासाहेबांच्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘इंजेक्टर स्वच्छ करते’ असे छापलेले आहे. पद्मिनीला इंजेक्टर नाही. तिला कार्बोरेटर आहे. हे मी त्यांच्या नजरेस आणून दिले, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘बरोबर. म्हणजे इंजेक्टरच्या वाटणीचं औषध उरलेल्या भागांना जास्त मिळतं.’’ हे उत्तर ऐकल्यावर कोषागारात त्यांना बढत्या का मिळाल्या, याचा मला थोडासा उलगडा झाला.

वास्तविक पस्तिशी उलटलेल्या गाडीची दुखणी निराळी असतात. पिस्टनच्या रिंगा झिजून कॉम्प्रेशन उतरलेले असते, टॅपेट वाजत असतात, क्लच घसरत असतो, ब्रेक चिकटून चाक जड फिरत असते, टाकीच्या तळाशी गंजाची भुकटी साचून ती जेटच्या सुईएवढ्या भोकापाशी येऊन बसते. गंज हा काही विरघळणारा पदार्थ नव्हे. आणि मंजनाने दात स्वच्छ होतात, उगवत नाहीत.

परंतु अप्पासाहेबांपाशी पुरावा आहे, आणि तो लेखी आहे. पुठ्ठ्याच्या बांधणीची, लाल रेघांची, सरकारी नमुन्याची ती नोंदवही मी पाहिली आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, दर, अ‍ॅव्हरेज, बाटली क्रमांक आणि शेरा असे सात स्तंभ. या वहीत गेल्या अकरा वर्षांतील एकही थेंब नोंदीवाचून जळलेला नाही. आणि गंमत अशी की ही वहीच त्यांच्या विरुद्ध साक्ष देते. बाटलीच्या आधीच्या पानावर 11.8, बाटलीनंतर 12.1, पुढच्या वेळी बाटली नसताना 12.3, आणि त्यापुढील बाटलीला 11.6. दुसऱ्या आकड्यापुढे शेरा: ‘गुण आला.’ तिसऱ्यापुढे: ‘मागील गुण टिकून.’ चौथ्यापुढे: ‘कात्रजला गर्दी.’ टाकी भरण्याची रीत तर अशी की एकदा नळी आपोआप बंद होताच थांबावयाचे आणि एकदा पंपावरच्या पोराच्या आग्रहाखातर गळ्यापर्यंत भरावयाचे. दहा लिटरच्या भरण्यात अर्ध्या लिटरचा फेर पडला तर हिशेब पाच टक्क्यांनी हुकतो, आणि बाटलीचा सगळा पराक्रम तर या पाच टक्क्यांच्या आतला. शिवाय बाटली घातली की अप्पासाहेब त्याच दिवशी चाकांत हवा भरतात, एअर फिल्टर झटकतात, आणि औषधावर पथ्य म्हणून महिनाभर गाडी चाळीसच्या वर नेत नाहीत. वैद्याच्या पुडीपेक्षा पथ्यानेच बरे झालेले रोगी या देशात कमी नाहीत. फी मात्र पुडीचीच लागते. दुसऱ्या कोणी ही वही त्यांच्या टेबलावर तपासणीस आणली असती तर अप्पासाहेबांनी तिच्यावर तांबड्या शाईने सतरा आक्षेप काढले असते.

अलीकडे त्यांच्या शेऱ्यांत एक नवीन शब्द शिरला आहे: ‘ऊस.’ पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल येऊ लागले, आणि इथेनॉल उसापासूनही होते. लिटरमागे इथेनॉलात पेट्रोलच्या दोन-तृतीयांशाइतकीच उष्णता असल्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे उतरणे हा गणिताचाच भाग आहे, त्याला बाटलीची माया लागू पडत नाही. शिवाय ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही आणि टाकीतला जुना थर सुटा करते, तो वेगळाच ताप. पण अप्पासाहेबांचे दुःख उष्णतेच्या हिशेबापलीकडचे आहे. साखर कारखाने, त्यांची कर्जे, त्या कर्जांच्या हमी आणि त्या हमींच्या थकबाक्या यांच्या फायली तपासण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याच्याच पद्मिनीच्या पोटात शेवटी ऊस जावा, हा नियतीचा विनोद त्यांना अजून पचलेला नाही. त्या उसावर उतारा म्हणून बाटल्यांचे प्रमाण वाढले.

या उताऱ्याची चौथी बाटली झाली त्या महिन्यात अ‍ॅव्हरेज 8.9 वर आले. गाडी मागून काळा धूर सोडू लागली. पीयूसीच्या केंद्रावर यंत्राने तिला नापास केले. 2000 पूर्वीच्या मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के इतकी सढळ ठेवलेली असताना ती नापास झाली, म्हणजे सवलतीच्या गुणांवरही नापास झाली. अप्पासाहेबांनी निदान केले की साचलेली घाण एकदम सुटत असल्यामुळे असे होते, आणि खात्री करण्यासाठी मला बरोबर घेऊन त्यांनी गाडी कात्रजच्या जुन्या घाटात घातली. तिसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी दुसऱ्यावर आली, दुसऱ्यावरून पहिल्यावर आली, आणि बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर आमच्या मागे एक एसटी, दोन ट्रक आणि सायकलवर चढ चढण्याचा व्यायाम करणारा एक तरुण अशी मिरवणूक तयार झाली. त्या तरुणाने आम्हांला मागे टाकले. जाताना त्याने नाकाला रुमाल लावला. ‘‘बघा,’’ अप्पासाहेब म्हणाले, ‘‘किती घाण होती आत!’’

दुसऱ्या दिवशी आम्ही नाना पेठेत त्यांच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्रींनी प्लग काढले. ते काजळीने माखलेले होते. त्यांनी डॅशबोर्डावरची चोकची मूठ आत ढकलली, बाहेर ओढली, पुन्हा आत ढकलली, आणि मग बॉनेटखाली वाकून पाहिले. मूठ आत जात होती. तार गंजून मध्येच अडकल्यामुळे खाली कार्बोरेटराच्या तोंडावरचे पाते मात्र अर्धे मिटलेलेच राहत होते. गेले किती आठवडे गाडी तोंड दाबून धावत होती कोण जाणे. मिस्त्रींनी तार बदलली. ‘‘उघडलाच आहे तर धुऊनही देतो, अप्पा,’’ असे म्हणून त्यांनी कार्बोरेटर सोडवून एका ताटलीत ठेवला आणि पोराला हाक मारली. पोराने फळीवरून एक बाटली आणली. त्या फळीवर तसल्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या, एकूण अकरा तरी असाव्यात. एकीत ब्रेक ऑइल, एकीत बॅटरीचे पाणी, एकीत हात धुण्याचा साबण. आणि त्या सगळ्या अप्पासाहेबांनीच वेळोवेळी रिकाम्या करून गॅरेजात टाकलेल्या होत्या. पोराने आणलेल्या बाटलीत साधे पेट्रोल होते. मिस्त्री जेट फुंकून, ब्रशाने वाटी घासून, वरून त्या पेट्रोलची धार सोडू लागले, आणि ताटलीत तपकिरी रंगाची भुकटी खाली बसू लागली.

अप्पासाहेबांनी भिंग काढले. बाटलीवरचे ओळखीचे अक्षर त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचले, आणि मग माझ्या कोपराला हलकेच स्पर्श करून, मिस्त्रींना ऐकू जाणार नाही अशा बेताने, ते म्हणाले,

‘‘पाहिलंत? शेवटी यांनासुद्धा हेच वापरावं लागतं.’’