दुसऱ्यांदा वाचा, तिसऱ्यांदा ऐका

वर्ष सरत आलं की वाचणाऱ्यांचे आकडे जाहीर व्हायला लागतात. कुणाची बावन्न पुस्तकं झाली, कुणी शंभरी गाठली, कुणी चवड रचून फोटो टाकला. लोक वाचतायत याचा मला आनंदच आहे. पण त्या चवडीतलं एखादं पुस्तक पुन्हा उघडलंत का, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. दुसऱ्यांदा वाचलेलं पुस्तक या मोजणीत धरतच नाहीत. माझं भांडण तिथे आहे. पुस्तक असो, गाणं असो, चित्र असो, त्याची पहिली भेट ओळखीपुरती असते. आनंद दुसऱ्या भेटीपासून सुरू होतो.

‘बनगरवाडी’ घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी एका बैठकीत संपेल इतकी आटोपशीर. पहिल्यांदा वाचताना आपण राजाराम मास्तराबरोबर त्या माणदेशी धनगरवाडीत पोचतो. शाळेत पोरं येतील का, कारभारी साथ देईल का, तालीम उभी राहील का, या विवंचनेत पानं उलटत जातो. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. महिन्याभराने पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करा. वाडी ओस पडणार हे आता तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या एकालाही ठाऊक नाही. ती माणसं राबतायत, तालीम बांधतायत, राजेसाहेब येणार म्हणून हरखून गेलीयेत. मागच्या वेळी सुखाची वाटलेली हीच पानं या वेळी वाचवत नाहीत. ज्याने ‘बनगरवाडी’ एकदाच वाचली, त्याला गोष्ट कळली. कादंबरी त्याची वाचायची राहिलीय.

आता तर दहा मिनिटांत पुस्तकाचा सारांश ऐकवणारी ॲपं निघाली आहेत. सारांशात दुष्काळ येईल, वाडी उठेल. त्या वाडीचा जीव मात्र त्यात मावणार नाही. ज्याला हे ऐकून पुस्तक ‘झालं’ असं वाटतं, त्याने वेळ वाचवलेला नाही. दहा मिनिटं वाया घालवली आहेत.

आपलं संगीत तर पुनरावृत्तीवरच उभं आहे. ख्यालाच्या बंदिशीत शब्द किती? स्थायीच्या दोन ओळी, अंतऱ्याच्या दोन. तेवढ्यावर गवई तासभर गातो. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा फिरतात, मुखडा पुन्हा येतो, सम पुन्हा येते. सम कुठे आहे हे समोरच्याला माहीत असतं, तरी गवई तिच्यावर उतरला की ‘वा’ तोंडातून निघून जातं. नव्याची अपेक्षा धरून बसलेल्याला ही मजा मिळायची नाही. आणि एखादा जोडराग असेल तर पहिलं ऐकणं जवळजवळ गोंधळातच जातं. जयपूर घराण्याचा बसंती केदार मल्लिकार्जुन मन्सुरांकडून ऐका. बसंत कुठे मागे पडला आणि केदार कधी पुढे आला, याचा पत्ता लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सांधा सापडतो. तो सापडला की माणूस जागच्या जागी उठून बसतो. मला या सुखाच्या तोडीचं सुख फार थोडं माहीत आहे. फोनवर मात्र पाव मिनिटात पुढचं गाणं लावायची बोटांना सवय लागलीय. अशा बोटांना बसंती केदार कसा सापडणार?

आपले पणजोबा या बाबतीत शहाणे होते. ते नाटकाला जाऊन ‘वन्स मोअर’ मागत. गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. भास्करबुवा बखल्यांनी पदांच्या चाली रागदारीतून बांधलेल्या, गायला बालगंधर्व. प्रेक्षक तेच पद पुन्हा मागत, परत मागत, नाटक पहाटेपर्यंत लांबे. कथानक रखडलं म्हणून कुणी तक्रार केली नाही, कारण रुक्मिणीचं पुढे काय होणार हे घरून निघतानाच माहीत होतं. पद पुन्हा आलं की त्यात नवी जागा यायची. त्या जागेसाठी माणसं रात्र जागवत.

चित्रांपुढे तर आपण उभेही राहत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आत अंधुक उजेड असतो. डोळे सरावायलाच थोडा वेळ लागतो. मग पद्मपाणीच्या झुकलेल्या पापण्या, हातातलं कमळ, मुकुटावरचं बारीक काम हळूहळू वर येतं. तोवर सहलीची मंडळी फोटो काढून दुसऱ्या लेण्यात पोचलेली असतात.

‘पुस्तकं अफाट, आयुष्य तोकडं, पुन्हा पुन्हा तेच कुठे वाचत बसायचं?’ असं मला सांगितलं जातं. मला हे पटत नाही. जगातली सगळी पुस्तकं वाचून संपवण्याचं काम आपल्याला कुणी दिलेलं नाही. पन्नास घरांच्या उंबऱ्यावरून परतलेल्या माणसाला पन्नास घरं माहीत आहेत असं आपण म्हणत नाही. पुस्तकांच्या बाबतीतच का म्हणावं?

‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने आली त्याच १९५५ सालच्या रामनवमीला, १ एप्रिलला, थोरल्या माडगूळकरांचं ‘गीतरामायण’ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. आठवड्याला एक गीत. शुक्रवारी सकाळी ते लागायचं, शनिवारी आणि रविवारी पुन्हा तेच. वर्तमानपत्रं गीताचे शब्द छापत. मध्ये अधिक महिना आल्याने वर्षभरात गीतं ५६ झाली. महाराष्ट्राच्या घराघरांत ही गीतं तोंडपाठ झाली, त्यात शब्दांचा आणि चालींचा मोठेपणा आहेच. पण आठवडाभर एकाच गीताशी राहायला मिळालं, हेही त्याचं कारण आहे, असं मी ठामपणे म्हणतो. आज ती सगळी गीतं एका दमात लावून ठेवता येतात. लोक लावून ठेवतातही आणि शेजारच्या खोलीत कामाला निघून जातात.

तुम्ही येत्या शुक्रवारी फक्त पहिलं गीत लावा. शनिवारी तेच. रविवारीही तेच. दुसऱ्याला पुढच्या शुक्रवारपर्यंत हात लावू नका.