औषधाचाच आजार

'बंद करून पुन्हा चालू कर' हा आपल्या काळातला सर्वात यशस्वी घरगुती उपचार. टीव्हीचा डबा अडला, वायफाय रुसलं, मोबाइल हँग झाला, की घरातलं कुणीतरी अनुभवी आवाजात हे सांगतं आणि बहुतेक वेळा गुण येतो. यात जादू काही नाही. चालू यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत दिवसभराची अर्धवट कामं आणि एकमेकांच्या पायात पाय घातलेल्या आज्ञा साठत जातात. वीज तोडली की ती पाटी कोरी होते.

पण एक आजार असा आहे, ज्यात रोगी हे औषध स्वतःच घेत सुटतो. अपडेट अर्ध्यावर फसलं की संगणक बंद होतो, चालू होतो, कंपनीचं चिन्ह दाखवतो, ठिपक्यांचं वर्तुळ फिरवतो, 'काम चालू आहे, संगणक बंद करू नका' असं आपल्याला बजावतो आणि थोड्या वेळाने स्वतःच बंद होतो. मग पुन्हा चालू. प्रत्येक वेळी उत्साह मात्र पहिल्या दिवसाचा.

आमच्या घराण्यात संगणकाचं खातं माझ्याकडे आहे. पात्रता एवढीच, की फार पूर्वी मी एमएस-सीआयटीचा वर्ग पूर्ण केला आणि आईने ते प्रमाणपत्र एका लग्नात सगळ्यांना दाखवलं. तेव्हापासून नातलगांची बिघडलेली यंत्रं मी फोनवरून तपासतो. मध्यंतरी सांगलीच्या आत्याचा फोन आला.

"अरे, आमचा कॉम्प्युटर चालू होतोय."

"मग चांगलंय की, आत्या."

"पण चालू व्हायचा थांबतच नाही रे. सकाळपासून नुसता चालूच होतोय."

रोगाचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या जाणकाराकडूनही ऐकलं नव्हतं. पुढची चौकशी अर्थात कठीण होती.

"पडद्यावर काय दिसतंय?"

"काही नाही."

"म्हणजे काळा आहे?"

"काळाच. पण मधूनच निळा. थांब, गेलं. आलं. परत गेलं."

आत्याच्या त्या संगणकात महिला मंडळाचा हिशेब होता, भिशीची यादी होती आणि नातवाच्या मुंजीचे फोटो होते. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या मुलाने यंत्राकडे न बघताच निदान केलं होतं, "फॉरमॅट मारावं लागेल, काकू." मारणं या शब्दानेच आत्या हादरली होती.

या रोगाचं मूळ तसं साधं आहे. संगणक चालू असताना त्याच्या मुख्य फाइली वापरात असतात, म्हणून त्या तेव्हा बदलता येत नाहीत. त्यामुळे अपडेट आधी नव्या फाइली आणून ठेवतं, करायच्या कामांची यादी लिहितं आणि पुढच्या चालू-बंदच्या फटीत ती उरकायला बघतं. घर बदलायच्या दिवशी जी अवस्था असते तीच ही: जुन्या घराचा गॅस काढला आहे, नव्या घराचा जोडलेला नाही, कपाट ट्रकमध्ये आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते आठवत नाही. नेमकी तेव्हाच वीज गेली, जागा अपुरी पडली किंवा एखाद्या जुन्या ड्रायव्हरचं नव्याशी पटलं नाही, तर यंत्र मध्येच अडकतं. पुढे जाता येत नाही म्हणून मागे फिरतं, मागची वाटही अर्धी उखडलेली असते. मग त्याला एकच गोष्ट सुचते: पुन्हा पहिल्यापासून.

उपाय चमत्कारिक आहे. त्याचं ऐकायचं नाही.

"चिन्ह दिसलं की पॉवरचं बटण दाबून धर," मी म्हटलं, "दहा सेकंद."

"पण तो तर लिहितोय, बंद करू नका म्हणून."

"सकाळपासून बसून आहे ना तो? मग त्याचं काही ऐकू नकोस. आणि असं दोन-तीनदा कर."

नव्या प्रणालींमध्ये एक शहाणपणाची सोय असते. सुरुवात सलग काही वेळा फसली की त्या हट्ट सोडतात आणि दुरुस्तीचा पडदा उघडतात. अडचण अशी, की या चक्रातल्या यंत्राला बरेचदा आपण हरतोय हेच कळलेलं नसतं. आपण बरंच काही करतोय, अशीच त्याची समजूत असते. म्हणून बटण दाबून त्याचा पराभव आपण त्याच्या हिशेबात मांडायचा. जगाच्या रीतीपेक्षा हे उलटं आहे. माणसाला आपण प्रयत्न सोडू नकोस म्हणतो, आणि इथे यंत्र बरं व्हायचं तर त्याने प्रयत्न सोडावा लागतो.

तिसऱ्या खेपेला आत्याकडे निळा पडदा आला आणि टिकला. ती एकेक पर्याय वाचत गेली, मी 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड' असं सांगत गेलो, 'रिसेट' शब्दापाशी आम्ही दोघंही श्वास रोखून पुढे सरकलो, आणि शेवटी 'अपडेट काढून टाका' सापडलं. नवं निघालं, जुनं जाग्यावर बसलं. हिशेब शाबूत होता, मुंजही शाबूत होती.

हे दुखणं फक्त आत्याचं नाही. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी ते निम्म्या जगाला झालं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी फाइल धाडली. वाचणाऱ्या प्रोग्रामच्या हाती २० रकाने होते, फाइलीने २१वा मागितला. तो शोधायला प्रोग्राम भलत्याच जागी गेला आणि कोसळला. चूक ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने विंडोजची ८५ लाख यंत्रं आडवी झाली होती. चालू व्हायचं, ती फाइल वाचायची, कोसळायचं, हा क्रम इतका जलद, की दुरुस्त फाइल उतरवून घ्यायलाही बहुतेकांना फुरसत मिळेना. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले.  यंत्रं सोडवायला माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन, ते सेफ मोडमध्ये उघडून, ती फाइल हाताने पुसावी लागली. गंमत म्हणजे दूरच्या सर्व्हरांवरच्या आभासी यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने जो सल्ला दिला, त्यात एक असा होता: पुन्हा चालू करून बघा, १५ वेळासुद्धा लागू शकेल. कोसळण्याआधी नवी फाइल उतरली, तर सुटलात. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीने अखेर आपल्या घरचंच औषध लिहून दिलं, फक्त मात्रा वाढवून.

याहून लांबचा रोगी मंगळावर होता. 'स्पिरिट' ही नासाची गाडी जानेवारी २००४ मध्ये तिथे उतरली आणि तीन आठवड्यांच्या आत तिला हेच झालं. तिच्या फ्लॅश स्मृतीत इतक्या फाइली साठल्या होत्या, की त्या सांभाळायलाच कामाची स्मृती अपुरी पडे आणि ती पुन्हा चालू होई. साठहून अधिक वेळा असं झालं. रात्री झोपायचं सोडून ती जागीच राहिली आणि तिची बॅटरी उतरू लागली. बटण दाबायला तिथे कुणी नव्हतं. पॅसाडेनातल्या नासाच्या मंडळींनी कोट्यवधी किलोमीटरवरून तिला निरोप धाडला: उठताना त्या फ्लॅशकडे बघूच नकोस. ती तशी उठली, शांत झाली. मग दुखण्याचं कारण सापडलं आणि सरतेशेवटी त्या फ्लॅशला, आमच्या सांगलीच्या दुरुस्तीवाल्या मुलाच्या भाषेत, फॉरमॅटच मारला. नव्वद मंगळदिवसांसाठी गेलेली ती गाडी पुढे सहा वर्षं काम करत राहिली.

सेफ मोड म्हणजे हेच. उठताना लागेल तेवढंच अंगावर घ्यायचं. बाकीचं नंतर, एकेक करून, कुणामुळे पडतो ते बघत. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात फोनकडे नेणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पटायला जड जातं.

मग अपडेट करूच नये का? हा मोह आत्यालाही झाला. "चांगलं चाललंय ते चालू दे," ती म्हणाली. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर शिरला, तेव्हा त्याने वापरलेलं भगदाड बुजवणारं अपडेट मार्चमध्येच येऊन पडलेलं होतं. 'नंतर आठवण कर' म्हणणाऱ्यांना विषाणूने आठवण करून दिली. तेव्हा नवं घ्यायला हवंच. परतीचा रस्ता तेवढा उघडा ठेवायचा. २०१६ च्या अँड्रॉइडपासून अनेक फोनांत ही अक्कल आली आहे. जुनी प्रणाली चालू असतानाच नवी शेजारच्या रिकाम्या कप्प्यात बसते, आणि ती नीट उठली नाही तर फोन गुपचूप जुन्यावर परततो. जुन्या घराची किल्ली एवढ्यात परत द्यायची नाही, असा त्याचा अर्थ.

आत्याकडून मी दोन कामं करून घेतली. एक, हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर. दुसरं म्हणजे डिस्कच्या कुलपाची ४८ आकडी चावी; अशा प्रसंगी पडदा कधीकधी ती मागतो, त्या दिवशी मागितली नाही ही गणपतीची कृपा. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात.

"लिहून कुठे ठेवलीस?"

"कालनिर्णयवर. पहिल्या आठ तारखांत, दुधाच्या हिशेबाखाली. दूधवाला परवा विचारत होता, एवढं दूध कधी घेतलंत म्हणून."

मी तिला एवढंच बजावलंय, की जानेवारीत नवं कालनिर्णय लावशील तेव्हा जुनं रद्दीत घालू नकोस.