जिजींचं पथ्य

जळगावात सुनेला दिवस गेले की डॉक्टरांच्या आधी ते जिजींना कळतं. कसं, ते विचारू नये. जिजी कोणाच्या सख्ख्या नसतात, त्या गल्लीच्या असतात. आमच्या गल्लीच्या जिजी चपला काढता काढताच स्वयंपाकघरात डोकावल्या आणि ओट्यावर पपई पाहून थबकल्या.

"माय वं! हे कोनी आनलं?"

आणलं मी होतं. पुढचे सगळे महिने जिजींच्या लेखी मी 'पपईवाला भाऊ' होतो.

जिजींच्या शास्त्रात जगातले सगळे पदार्थ चार जातींचे: उष्ण, थंड, वातूळ आणि त्यांच्या स्वतःच्या हातचे. चौथ्या जातीला पथ्य नाही. केळंही त्यांच्या मते कोणालाच बाधत नाही. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं; जिजींनी ते आधीच देऊन टाकलं होतं.

इंग्रजांनी 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, एकाचं ठाणं जळगाव, दुसऱ्याचं धुळे. जमीन वाटली तरी पोट एकच राहिलं असेल, अशी माझी समजूत होती. बायकोचं माहेर धुळ्याचं. तिथून तिच्या फुईचा, म्हणजे आत्याचा, फोन आला, "आमनी अंडेरले केळं देऊ नका बरं! बाळले कफ व्हई." म्हणजे पारोळ्याच्या पलीकडे केळं थंड आणि अलीकडे पौष्टिक. तेच केळं, तोच हायवे.

बायको डॉक्टरबाईंना विचारून आली. पिकलेली पपई बेतानं चालेल, कच्ची नको, तिच्या चिकानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. केळं खुशाल खा. चहा दिवसाला दोन कप, पण लोहाच्या गोळीच्या तासभर आधी किंवा नंतर, नाहीतर लोह अंगी लागत नाही. गोळी रोज एक, किमान 180 दिवस. कॅल्शियमची वेगळ्या वेळी.

जिजींनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त गोळीवर बोट ठेवलं. "ही खाल्ली की पोर काळं होते." गोळीनं काळी होते ती शौच, पोर नव्हे, हे बायकोनं हळूच सांगितलं. जिजींनी उत्तरादाखल दुधात केशराच्या दोन काड्या टाकल्या.

साखरेच्या तपासणीला पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजलं, तेव्हा तर त्या खवळल्या. "आम्ही एक पेढा दिला तं डॉक्टरीन डोळे वटारते, अन् सोता वाटीभर साखर पाजते!"

वांगं वातूळ म्हणून पहिल्याच दिवशी हद्दपार झालं होतं. मग थंडी पडली. शेतात पऱ्हाटीच्या जाळावर भरताची वांगी भाजली गेली, बडगीत ठेचली गेली, हिरव्या मिरचीची फोडणी बसली, वर कांद्याची पात आली. बायको लांबूनच वास घेत बसली होती. जिजींनी एकदा वांग्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि कळण्याच्या भाकरीवर भरताचा गोळा ठेवून म्हणाल्या, "खाय माय. शेतातलं वांगं बाधत नही."

डोहाळेजेवणाच्या दिवशी मी त्यांना सहज विचारलं, "जिजी, तुमच्या वेळी तुम्ही काय खाल्लं?"

जिजी ओटीचे तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "उरली तं भाकर. नववा लागला तरी कापूस येचत होती मी. काय खावं वाटते, असं कोनी इचारलंच नही, भाऊ." मग पाटीतून एक खडा काढून बाजूला टाकला आणि मोठ्यानं ओरडल्या, "तिले पंख्याखाली बसवा रे कोनी! मे महिना आहे का काय आहे?"

त्या दिवसापासून मी जिजींशी वाद घालणं सोडलं. ज्या बाईला कोणी विचारलं नाही, ती आता साऱ्या गल्लीला विचारत हिंडते. उत्तरं चुकतात, पण विचारणं चुकत नाही.

तेव्हा माझा निकाल असा. जिजींचा डबा परत पाठवू नये. गोळी मात्र डॉक्टरांची, आणि रोज. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहऱ्यावर सूज चढली, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर ना जळगावला विचारावं ना धुळ्याला. 108 ला फोन करून दवाखाना गाठावा. केशर दुधाला रंग देतं, पोराला नाही. पण जिजी दूध स्वतः आटवून आणतात, ते प्यावं.

पपई मी अजून आणतो. पिकलेली. जिजी यायच्या आत आम्ही दोघं ती संपवतो.