नानाचं अजून ठरायचंय

टेक्ससमध्ये पिस्तूल विकत घेणं अवघड नाही. वयाची एकवीस पूर्ण हवीत, नागरिक नसलात तर हातात ग्रीन कार्ड हवं. ४४७३ नंबरचा फॉर्म भरला की दुकानदार आपलं नाव सरकारी यंत्रणेत तपासतो, आणि काही आडवं आलं नाही तर माणूस त्याच दुपारी पिस्तूल घेऊन घरी. डॅलसजवळ राहणाऱ्या आमच्या नानाला ग्रीन कार्ड मिळून बरीच वर्षं झाली. तो अजून काउंटरपाशीच उभा आहे.

घ्यायचं ते स्ट्रायकरवालंच, एवढं त्याने फार लवकर ठरवलं. या जातीत मागे घोडा नसतो. आत स्प्रिंगवर ताणलेली पिन असते. चाप ओढला की ती सुटते आणि काडतुसाच्या बुडावर आदळते. घोडेवाल्या डबल-सिंगल अॅक्शनमध्ये पहिला चाप जड आणि पुढचे हलके, इथे दर वेळी सारखाच. छान. पण हा निर्णय म्हणजे विहिरीत उडी निघाली, कारण एव्हाना सगळ्याच कंपन्यांनी तोच निर्णय घेतला होता. गास्टन ग्लॉक या ऑस्ट्रियन गृहस्थांनी आधी सुऱ्या आणि पडद्यांचे रॉड बनवले, मग एक पिस्तूल बनवलं आणि १९८२ साली ते तिथल्या सैन्यानेच घेतलं. त्याचं यश बघून बाकीचेही त्याच वाटेने निघाले. २००५ ला स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी, २०१४ ला सिगचं पी३२०, मग झेकांचं सीझेड पी-१०, वॉल्थरचं पीडीपी, शिवाय तुर्कांचं कॅनिक. मधल्या आकाराची सगळी नऊ एमएम, बहुतेक काळी, प्लास्टिकच्या सांगाड्याची, मॅगझिनमध्ये पंधराच्या आसपास गोळ्या. दिवे घालवून हातात दिली तर नानाला स्वतःलाही झटकन ओळखता येणार नाहीत. म्हणूनच तर तो खूश आहे. फरक जितका बारीक, तितकं नानाचं मन रमतं.

"ग्लॉक डोळे झाकून घ्यावं," तो म्हणतो, आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो तोवर, "पण साफ करायला उघडताना आधी चाप ओढावा लागतो. चेंबर रिकामं आहे का बघायचं राहिलं, तर हॉलच्या भिंतीला भोक." मग एम अँड पी घे. ते चाप न ओढता उघडतं, शिवाय अंगठ्याने लावायच्या सेफ्टीचं मॉडेलही मिळतं. "पण ऐन वेळी सेफ्टी काढायचं विसरलो तर?" मग सिग घे! २०१७ च्या जानेवारीत खुद्द अमेरिकन सैन्याने ते निवडलं. "आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, हातातून पडल्यावर गोळी सुटू शकते म्हणून कंपनीने दुरुस्ती करून द्यायची योजना काढली." बरं, त्या सिगमध्ये चापाची सगळी यंत्रणा सुटी काढता येते, पिस्तुलाचा सिरियल नंबर तिच्यावरच असतो, आणि मुठीचा सांगाडा हवा तो बसवता येतो. म्हणजे निवड करून झाल्यावर आत आणखी एक निवड.

दुकानात त्याला बघावं. काउंटरवरचा म्हातारा मॅगझिन काढतो, स्लाइड मागे अडकवतो, चेंबर स्वतः बघतो, नानाला दाखवतो आणि मूठ पुढे करतो. नानाचं बोट चापाबाहेर सरळ टेकलेलं. शिस्तीला तो चोख आहे. मग डोळे मिटून चाप ओढायचा. आधी थोडा सैल, मग वॉल, म्हणजे चाप अडतो ती जागा, मग टक्. चाप दाबलेलाच ठेवून स्लाइड पुन्हा ओढायची, चाप हळूहळू सोडायचा आणि रिसेटची, म्हणजे चाप पुन्हा तयार झाल्याची, बारीक टिक् तंबोरा लावणाऱ्यासारखी कानाने टिपायची. "जरा मघाचं परत देता?" म्हातारा देतो. त्याला पगार तासावर असावा.

रेंजवर भाड्याने तीन वेगवेगळी चालवून झाली. तिन्हींच्या गोळ्या कागदावर खाली डावीकडे. नानाने ग्लॉकला मुठीच्या कोनाचा दोष दिला, सिगला नळीच्या उंचीचा, वॉल्थरला कशाचा ते आठवत नाही. शिकवणारा शांतपणे म्हणाला, "सर, पिस्तूल दचकत नाहीये."

भरलेलं ग्लॉक १९ साधारण ८५० ग्रॅमचं. एवढं वजन दिवसभर कमरेला झेपेल का, म्हणून नानाने तेवढी तूरडाळ झिपच्या पिशवीत मोजून भरली आणि पट्ट्यात खोचून गणपतीच्या आरतीला आला. 'घालीन लोटांगण'ला वाकला तेव्हा झिपने दगा दिला. पुढे प्रसादाच्या रांगेत लोक चपलांना डाळ का लागतेय म्हणून खाली बघत होते.

नवीन मंडळी सल्ल्याला मात्र त्याच्याकडेच जातात. तो त्यांचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने आखतो, तर्जनी मोजतो, बजेट विचारतो. ती बिचारी आठवड्यात घेऊन मोकळी होतात. मग ग्लॉक घेतलेल्याला नाना सीझेडचा चाप किती सुरेख आहे ते सांगतो आणि सीझेडवाल्याला ग्लॉकचे सुटे भाग कसे कुठेही मिळतात ते.

माझं विचाराल तर नानाला पिस्तूल नकोच आहे. वहिनींनी एकदा जेवताना सरळ विचारलं, "चोर समोर उभा राहिला तर खरंच चालवशील का रे?" नानाने भाकरी मोडली, ठेच्याकडे बघितलं. "ते गोळीवर आहे," तो म्हणाला, "म्हणजे हॉलो पॉइंट असेल, तर ती आत गेल्यावर उमलते, पलीकडे भिंतीतून जायचा धोका कमी..." वहिनींनी दुसरी भाकरी वाढली आणि विषय त्याच्याकडेच राहू दिला.

बाकी तयारी पूर्ण आहे. कानाचे मफ आहेत. होल्स्टर दोन, एक ग्लॉकच्या मापाचं, एक सिगच्या. बोटाच्या ठशाने उघडणारी तिजोरीही पलंगाशेजारी बसवली. तिच्यात सध्या पासपोर्ट, वहिनींच्या पाटल्या आणि भारतातल्या फ्लॅटचे कागद असतात.

परवा फोनवर म्हणालो, नाना, आता घेऊन टाक बाबा.

"वेडा आहेस का? जानेवारीत लास वेगासला बंदुकांचा शॉट शो असतो. नवीन काय येतंय ते तरी बघू."