रुळांवरून उतरलेले इंजिन : चौकशीची रीतसर पद्धत

पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या बाजूला ज्यांचे बंगले आहेत आणि बंगल्याच्या अंगणात ज्यांनी ३२ मिलीमीटर गेजची, खरोखर वाफेवर चालणारी आगगाडी टाकली आहे, अशा सद्गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. हा वर्ग मोठा नाही, पण हट्टी आहे. कोथरूडला जोशी यांच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात १९९८ पासून गाड्या बिनबोभाट धावताहेत, मग आपली का धावू नये, असे या वर्गाला वाटते. तिथे डोक्यावर छप्पर आहे. आपल्या डोक्यावर ताम्हिणीचा पाऊस आहे, आणि तो जुलै २०२४ मध्ये एका दिवसात साडेपाचशे मिलीमीटर पडून गेला.

गाडी घसरल्याबरोबर कोणीही बोलायचे नाही. आधी रेग्युलेटर बंद, मग गॅस बंद. आडव्या पडलेल्या इंजिनावर तांब्याभर पाणी ओतणे ही आपल्याकडची माणुसकी झाली, पण तापलेल्या बॉयलरला ती मानवत नाही. जाड हातमोजे घालून इंजिन उभे करावे आणि बाजूला ठेवावे. रुळांवर लगेच परत ठेवू नये. तसे केले की पुरावा गेला आणि चौकशी नुसत्या अंदाजावर आली.

आता गुडघे टेकावेत. चाकाची कड रुळाच्या माथ्यावर जिथे चढली तिथे बारीक चकचकीत ओरखडा दिसतो. तो माथ्यावरून तिरका जातो आणि पुढे जिथे चाक खाली पडले तिथे संपतो. दोन्ही टोकांना खडूने खूण करावी. मोठ्या रेल्वेतही चौकशी अशीच सुरू होते. दोष शोधायचा तो चाक चढलेल्या जागी आणि तिच्या मागच्या बाजूला. बहुतेक मंडळी इंजिन पडलेल्या जागी शोधतात. तिथे फक्त जास्वंद असते.

यानंतर संयुक्त टिपण. रेल्वेत रूळवाले, डबेवाले आणि इंजिनवाले एकत्र बसून एका कागदावर सह्या करतात आणि शक्यतो दोष आपल्या खात्याबाहेरचा असल्याचे नोंदवतात. घरीही तेच करावे. रुळांच्या वतीने माळीकाका सांगतील की रूळ ठीक आहेत, इंजिनच जड आहे. इंजिनाच्या वतीने मालक सांगतील की इंजिन विलायती आहे, ते आपण होऊन घसरत नाही. चालवणारे मेहुणे वेगाबद्दल खात्री देतील. ओट्यावर बसलेल्या आजींना कोणी विचारणार नाही, तरी त्या म्हणतील, "अरे, दर वेळी त्या आंब्याजवळच पडते की." चौकशीचा निष्कर्ष आजींचाच असतो. टिपणात तो 'भिन्न मत' म्हणून जोडावा.

कारण कसोटी तीच आहे. निरनिराळे डबे एकाच जागी उतरत असतील तर दोष रुळाचा. एकच डबा निरनिराळ्या जागी उतरत असेल तर दोष त्या डब्याचा. मेहुणे गावाला गेल्यावर गाडी नीट धावत असेल, तर पुढचे लिहून ठेवू नये.

इंजिनाचा दोष काढणे सोपे. आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर व्हर्नियरने मोजावे. ३२ मिलीमीटर गेजला ते २८ हवे. जास्त भरले तर सांध्यावर चाकाची कड क्रॉसिंगच्या नाकाला धडकते. कमी भरले तर चाक चेकरेलला घासत चढते. हे काम पाच मिनिटांचे असल्याने सहसा कोणी करत नाही.

वळणाचे काम किचकट. माथेरानचा ६१० मिलीमीटरचा मार्ग १९ पट लहान केला की आपले ३२ मिलीमीटर होतात, म्हणून मंडळी माथेरानचा दाखला देतात. पण तिथली जुनी वाफेची इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने बांधली होती आणि त्यांचे टोकाचे आस वळणावर बाजूला सरकत. आपल्या सहाचाकीचे आस ताठ असतात आणि वळण आंब्याभोवती घेतलेले असते. दोघांपैकी कोणीच हलायला तयार नसते. बाईसाहेबांनी आंबा तोडू दिला नाही, हे टिपणात 'स्थानिक परिस्थिती' या सदरात घालावे आणि वळण रुंद करावे.

तरीही माझे मत विचाराल तर मुळशीत निम्म्याहून अधिक गाड्या उतरतात त्या रुळांच्या पिळामुळे. गवंड्याची छोटी पाणसळ रुळांवर आडवी ठेवून वीत-वीत पुढे सरकवत जावे. इंजिनाच्या लांबीत बुडबुडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेला, म्हणजे तिथे इंजिनाचे एक चाक अधांतरी राहते. भार नसलेले चाक वळणावर बाहेरच्या रुळावर चढते. पिळाचे कारण जमिनीत असते. पावसाळ्यात खेकडे बांधाखाली बिळे करतात, खडी ओढ्याला लागते, स्लीपर एका बाजूने खचतो. क्रशरवरची बारीक कच आणावी, स्लीपरखाली ठोकून भरावी, पुन्हा पाणसळ लावावी. खेकड्यांची दखल मात्र टिपणात घ्यावी. तीन सह्यांमध्ये त्यांची सही नसल्याने सर्वांचे त्यावर एकमत होते.

'घातपात' हा शब्द वापरण्याआधी दोनदा विचार करावा. या तालुक्यात त्याला इतिहास आहे. टाटांच्या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहात सेनापती बापटांनी धरणाच्या कामाची गाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. रुळांवर आडव्या बसलेल्या शेजाऱ्यांच्या शेळीला त्या मालिकेत बसवू नये.

राहिला वेग. थंड सिलिंडरमधले पाणी थुंकून होईपर्यंत इंजिन हलत नाही, म्हणून मेहुणे रेग्युलेटर आणखी उघडतात. मग ते एकदम सुटते आणि उतारावर त्याला धरायला कोणी नसते. पाणी निघून गेल्यावर रेग्युलेटर मागे घ्यावा, एवढेच.

आणि जून ते सप्टेंबर लाइन सरळ बंद ठेवावी. नेरळ ते अमन लॉज गाडीही पावसाळ्यात बंदच असते.