डेक्कन क्वीन अंबरनाथला वाजते

अंबरनाथ पश्चिमेला दोन गोष्टींची टंचाई कधीच जाणवली नाही: आवाज आणि जाणकार. पाण्याचं वेळापत्रक बदलतं, लोकलचं कोलमडतं, पण या दोन्हींचा पुरवठा अखंड चालू असतो. अलीकडे जाणकारांमध्ये एका नव्या पंथाची भर पडली आहे. हे लोक जुने सीडी प्लेअर शोधतात, त्यांचं झाकण काढतात आणि आत काचेचे व्हॉल्व्ह बसवतात. होय, तेच व्हॉल्व्ह. आजोबांच्या रेडिओत तापायचे, उडायचे आणि नेमके बातम्यांच्या वेळी दगा द्यायचे ते.

पंथाबाहेरच्या वाचकांसाठी थोडा इतिहास. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० साली सीडीचं मानक ठरवलं. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानात विक्रीला आला. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा आणि सर्वांत हळू व सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर. उद्देश एवढाच होता की तबकडीची खरखर, टेपची सळसळ आणि व्हॉल्व्हची घरघर कायमची जावी. ती गेली. जग खूश झालं. पंथ मात्र अस्वस्थ झाला. त्याच्या मते सीडीचा आवाज कोरडा आहे, थंड आहे, काचेसारखा टोचतो. त्यावर उपाय म्हणून पंथाने काचच बसवली.

दीक्षेचा विधी असा. आधी १९८०च्या दशकातला प्लेअर मिळवायचा, शक्यतो फिलिप्सच्या टीडीए १५४१ या चिपचा. या चिपच्या निवडक प्रतींवर छोटा मुकुट छापलेला असे. असा एकमुकुटी प्लेअर ज्याच्याकडे आहे त्याला पंथात सरदारकी मिळते, दोन मुकुटवाल्याला संस्थान. साहजिकच साध्या चिपवर मुकुट छापून विकण्याचा धंदा परदेशात जोरात चालतो. एकेकाळी उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’चे विनोद करणारे आमचे जाणकार आता हा परदेशी मुकुट भिंगाखाली धरून डोळे मिटतात. उल्हासनगरच्या दुकानदाराने निदान भाव करू दिला असता.

पुढची पायरी शस्त्रक्रियेची. मूळ यंत्रात या चिपमधून निघणाऱ्या सिग्नलला बाहेर पोहोचवण्याचं काम ऑप-अँप नावाची नखाएवढी चिप करते. ती चहा-वड्याच्या भावात मिळते आणि तिचं काम ती मुकाट्याने करते. मुकाट्याने, हाच तिचा गुन्हा. तिला उपटून तिथे ईसीसी ८८ बसवतात. हा व्हॉल्व्ह मुळात टीव्हीच्या ट्यूनरसाठी, म्हणजे अँटेनातून येणारं चित्र पकडण्यासाठी तयार झाला होता. संगीताशी त्याचा संबंध निवृत्तीनंतर जुळला. आपल्याकडे बरेच लोक निवृत्तीनंतरच गाणं शिकतात, तेव्हा ते क्षम्य आहे. पाच व्होल्टवर चालणाऱ्या नाजूक सर्किटशेजारी मग व्हॉल्व्हसाठी शे-दीडशे व्होल्टचा पुरवठा नांदायला येतो. वेगळा ट्रान्सफॉर्मर आला, जाडजूड कपॅसिटर आले. झाकण आता बसत नाही. झाकण न बसणं हे पंथात मोक्षाचं लक्षण मानतात.

व्हॉल्व्ह मिळवण्यासाठी लॅमिंग्टन रोडची वारी ठरलेलीच. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी देशभरच्या रेडिओंसाठी व्हॉल्व्ह बनवले. ट्रान्झिस्टर आला तेव्हा आपण ते भंगारवाल्याला दिले आणि बदल्यात काही मिळालं तर आनंद मानला. आता त्याच भंगारवाल्याला दारात बसवून चहा पाजतात. जुन्या काळचा एखादा रेडिओ मेकॅनिक हयात असेल, तर त्याला ऋषीचा मान मिळतो. अशाच एका ऋषींना परवा व्हॉल्व्हवाला सीडी प्लेअर ऐकवला. ते मन लावून ऐकत राहिले आणि म्हणाले, “अहो, हा आवाज घालवायला लोक माझ्याकडे सेट आणायचे. तुम्ही पैसे देऊन बसवून घेतलात?”

आता अंबरनाथची खास अडचण. व्हॉल्व्हच्या आत तारांची नाजूक जाळी असते. धक्का बसला की ती थरथरते आणि थरथर स्पीकरमधून ऐकू येते. पश्चिमेला रुळांच्या कडेच्या इमारतीत राहणाऱ्या पंथीयाला म्हणून एक जास्तीचा कलाकार फुकट मिळतो. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आहे आणि अंबरनाथला थांबत नाही. पण संध्याकाळी मारवा रंगात आला की ती व्हॉल्व्हमध्ये मात्र हजेरी लावून जाते. मालगाडी तर विलंबित लयीतच येते. पंथीयांना विचारलं तर म्हणतात, “बघा, किती डिटेल ऐकू येतं!”

आणि ते ९६ डेसिबल? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. समजा, अंबरनाथने हा नियम तंतोतंत पाळला. (वाचकांनी हसणं आवरावं.) खिडकी उघडी ठेवून या ५५ च्या वर सीडीचे सगळे ९६ मांडायचे, तर गाणं १५१ डेसिबलपर्यंत चढवावं लागेल. कान दुखायला १२० च्या आसपास सुरुवात होते. त्यात लग्नसराईत गल्लीत हळद असली, तर डीजेपुढे मुकुटवाली चिप, ईसीसी ८८ आणि तानसेन हे तिघेही सारखेच. दहा वाजता डीजे बंद होईल या आशेवर पंथीय व्हॉल्व्ह तापवत बसतो. व्हॉल्व्ह अर्ध्या मिनिटात तापतो. डीजे बंद होत नाही.

तरीही आवाज गोड लागतो, हे मान्य करायला हवं. त्यात जादू नाही. व्हॉल्व्ह मूळ सुरात त्याच्या दुप्पट कंपनांचा सूर बारीक प्रमाणात मिसळतो. म्हणजे ‘सा’ वाजला की मागून हळूच वरचा ‘सा’ लागतो. आपल्या कानाला तो परका वाटत नाही, भरलेला वाटतो. दुसरं कारण अधिक ऐहिक आहे. बदल केलेला प्लेअर पुष्कळदा मूळच्यापेक्षा जरासा मोठ्याने वाजतो आणि दोन आवाजांत कानाला मोठा तोच चांगला वाटतो. दोन्ही प्लेअरचे आवाज मोजून सारखे करा, डोळ्यांवर पट्टी बांधा आणि मग ओळखा, असं म्हटलं की पंथीयाला अचानक बदलापूरला जायचं असतं. स्वस्तातल्या काही परदेशी यंत्रांनी तर ही परीक्षाच निकालात काढली आहे: त्यांत व्हॉल्व्हच्या बुडाशी चक्क नारिंगी एलईडी लावलेला असतो. ऊब डोळ्यांना दिसली की कानांची तक्रार उरत नाही.

सुरात जास्तीचे स्वर मिसळणं हा अपराध नव्हे. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून तेच करतात. तिथे त्याला जवारी म्हणतात, आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मिरजेचा कारागीर कधी म्हणत नाही की जवारी काढल्यामुळे तार अधिक ‘अचूक’ झाली. ती गोड झाली, इतकंच तो सांगतो. शिवाय १९५०च्या दशकातली गाणी ध्वनिमुद्रणाच्या वेळीच व्हॉल्व्हच्या यंत्रांतून गेलेली आहेत. लताबाईंच्या त्या काळच्या आवाजाला अंबरनाथमध्ये पुन्हा ऊब देण्याची गरज नाही. त्यांनी ती मुंबईत घेतली होती.

तेव्हा पंथीयांनो, खुशाल व्हॉल्व्ह लावा. डाग देण्यात, तारा जोडण्यात, रविवार सत्कारणी लागल्याच्या समाधानात जो आनंद आहे तो खरा आहे, आणि त्याला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. फक्त आवाज गोड झाला म्हणा, खरा झाला म्हणू नका. आणि झाकणात हात घालण्यापूर्वी प्लग काढून कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करा. त्यांत साठलेली वीज प्लग काढल्यावरही काही काळ टिकते, आणि तिचा धक्का मात्र कोणत्याही कानाला अचूक कळतो.