फायलीतले अण्णा

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि त्यांच्या आस्थापनेवर जो कारकून वर्ग नेमला गेला, त्याचे प्रशासकीय काम सरकारदप्तरी नोंदलेले आहे. मात्र याच वर्गाने वडील म्हणून बजावलेली सेवा कोणत्याही सेवापुस्तकात, म्हणजे कर्मचाऱ्याच्या वेतनवाढी, रजा आणि शिक्षा टिपून ठेवणाऱ्या नोंदवहीत, सापडत नाही. घरोघरी अण्णा, नाना किंवा भाऊ म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ कचेरीतून संध्याकाळी घरी येत, पण कचेरी त्यांच्या अंगातून वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त झाल्यावरही गेली नाही.

शाळेच्या सहलीसाठी पैसे हवे असलेल्या मुलाची मागणी आईमार्फत सादर होई, तीवर ‘पाहू’ असा तोंडी शेरा पडे, आणि सहलीच्या आदल्या रात्री मोजलेले सुटे पैसे दप्तरात एका पाकिटात ठेवलेले आढळत. हे पाकीटही आलेल्या टपालाचेच, उलटे करून पुन्हा चिकटवलेले असे. माया व्यक्त करण्याची याहून जलद रीत अण्णांना ठाऊक नसावी, किंवा ठाऊक असली तरी तिला वरून मंजुरी आली नसावी.

या वर्गाचे खरे चरित्र मात्र लोखंडी कपाटातल्या फायलीत वाचावे लागते. विम्याच्या पावत्या, १५ वर्षांनी मुदत भरणाऱ्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, घरपट्टी, आणि प्रत्येक दाखल्याच्या किमान चार साक्षांकित प्रती, म्हणजे मूळ कागदाशी ताडून पाहिल्याची अधिकाऱ्याने सही-शिक्क्यानिशी ग्वाही दिलेल्या प्रती, तीत तारीखवार लावलेल्या असतात. त्यांच्या खाली ‘किरकोळ’ असा विभाग असतो, आणि अभ्यासकाने तेथे थोडे थांबावे. वसतिगृहातून मुलीने पाठवलेली सगळी पत्रे तेथे टाचणी लावून ठेवलेली असून प्रत्येकाच्या कोपऱ्यात ‘मिळाले’ आणि ‘उत्तर दिले’ अशा दोन तारखा आहेत. पहिली आणि दुसरी तारीख बहुधा एकच आहे. कचेरीतला कोणताही कागद इतक्या वेगाने निकाली निघाल्याचे उदाहरण नाही.

मुलांनी या शिस्तीची यथेच्छ टिंगल केली. नॉमिनी म्हणजे रक्कम स्वीकारण्यासाठी नेमलेली व्यक्ती, ती मालक असतेच असे नाही, हा मुद्दा अण्णा श्रीखंड-पुरीच्या पंगतीतही समजावून देत तेव्हा पाहुणे आणखी श्रीखंड मागून विषय बदलत. आज तोच मुलगा हिंजवडीत संगणकावर कागदविरहित कारभाराची व्यवस्था उभारतो आणि घरी येऊन धुलाई यंत्राच्या हमीपत्राला बिल टाचतो. झेरॉक्सच्या दुकानात ‘एक जास्तीची असू द्या’ म्हणतो. आणि लेकीने गिटारच्या वर्गाचे नाव काढताच ‘पाहू’ म्हणून मोकळा होतो, त्यामुळे शेजारी त्याला अण्णांची सत्यप्रत म्हणतात.

अण्णांच्या पश्चात आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होते आणि हयातीचा दाखला, म्हणजे आपण अद्याप जिवंत असल्याचे दरवर्षी नोव्हेंबरात लेखी सिद्ध करण्याचा उपचार, तिच्या वाट्याला येतो. त्याची तजवीज फायलीत आधीच झालेली असते: ‘बँकेत साडेदहाच्या आत जावे. चष्मा न्यावा. सही पासबुकाप्रमाणेच करावी, घाई करू नये. पेन आपले न्यावे व कोणास देऊ नये.’ सोबत जाणारा मुलगा मुद्दाम दोन पेने नेतो, रांगेतल्या आजोबांना त्यांतले एक मोठ्या मनाने देतो, आणि ते परत न आल्याची नोंद त्याच चिठ्ठीच्या पाठीमागे तारखेसह करतो.